बदल्यांची यादी लागली, आता शाळेचं वर्ष कसं बसवायचं? (झेडपी शाळेचे मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीसाठी)

बदल्यांची पीडीएफ मोबाईलवर येते, सगळे आपापलं नाव शोधतात, मग ग्रुपवर अभिनंदन सुरू होतं, कुणाला घराजवळची शाळा मिळालेली असते, कुणाला घाटाखालची, आणि त्या सगळ्या गडबडीत एक प्रश्न कुणी विचारतच नाही की आता तिसरीच्या वर्गासमोर उभं कोण राहणार. मी 24 वर्षं झेडपीत आहे, आधी चंदगड, मग राधानगरी आणि आता भुदरगड, आणि माझ्यासमोर तीन वेळा असं झालंय की शाळेतली निम्म्याहून जास्त माणसं एका दमात बदलली. पहिल्या वेळी मी पार गोंधळून गेले होते, दुसऱ्या वेळी थोडं सावरलं, तिसऱ्या वेळी मात्र दिवाळीपर्यंत शाळा रुळावर होती. त्यातनं जे शिकले ते इथं लिहितेय, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नवीन मुख्याध्यापक झालेल्यांना आणि समितीच्या अध्यक्षांना उपयोग होईल म्हणून.

आधी पदं मोजा, माणसं नंतर

आपण बोलताना काय म्हणतो, आमच्या शाळेतले पाटील सर गेले, कांबळे मॅडम गेल्या. पण ऑफिसला ही भाषा कळत नाही, त्यांना मंजूर, कार्यरत, रिक्त आणि अतिरिक्त (मंजुरीपेक्षा जास्त) हे चारच शब्द कळतात. म्हणून पहिल्यांदा संचमान्यतेचा, म्हणजे पटाप्रमाणं शाळेला किती पदं मंजूर ते सांगणारा, कागद काढा, नसेल तर केंद्रप्रमुख साहेबांकडून घ्या, आणि तो समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा, कारण गावातल्या लोकांना हा कागद असतो हेच माहीत नसतं.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4, 121 ते 200 ला 5 आणि पट 150 च्या वर गेला की वेगळा मुख्याध्यापक असं आहे. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे निदान एक शिक्षक, आणि गणित-विज्ञान, समाजशास्त्र, भाषा यांना निदान एकेक माणूस. राज्यानं पुढं शासन निर्णय काढून पदं मंजूर करायचे आकडे बदलले, 15 मार्च 2024 च्या निर्णयावरनं तर पदं कमी होतील म्हणून कमी पटाच्या शाळांत किती चिंता पसरली ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळं कायद्याचा तक्ता आणि तुमच्या शाळेला लागू झालेली चालू संचमान्यता हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. नुसत्या तोंडी माहितीवर पंचायत समितीत जाऊ नका.

आणि 30 सप्टेंबर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्या दिवशीचा पट धरून पुढच्या वर्षीची पदं ठरतात, आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. एका पोराच्या आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून शाळा 60 वर अडकली तर त्याची किंमत पूर्ण गाव मोजतं. ऑगस्टमध्येच बसून एकेका मुलाचं आधार तपासा, जन्मतारीख, लिंग, नाव, तीन गोष्टी. ज्यांचं जुळत नाही त्यांच्या आईबापाला दुरुस्तीसाठी तालुक्याला जावं लागतं आणि एका फेरीत काम होत नाही, भात लावणीच्या दिवसांत रोजगार बुडवून ते दोनदा जाणार नाहीत, म्हणून समितीतल्या कुणीतरी एकाच दिवशी पाच-सहा पोरांना घेऊन जायचं ठरवा. आम्ही गावातल्या दूध संस्थेच्या टेंपोतनं नेली होती.

कोण जाणार याचा अंदाज मार्चमध्येच येतो

बदल्या ऑनलाईन झाल्या 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानं, मग 7 एप्रिल 2021 चा निर्णय आला आणि त्यानंतर 18 जून 2024 चा. तपशील बदलत गेला पण सांगाडा तोच आहे. संवर्ग 1 म्हणजे दिव्यांग, गंभीर आजार वगैरे, संवर्ग 2 पतीपत्नी एकत्रीकरण, मग अवघड क्षेत्रातले (डोंगराळ, दुर्गम शाळांतले) बदली अधिकार मिळालेले, आणि मग बदलीपात्र. सर्वसाधारण क्षेत्रात सलग 10 वर्षं आणि चालू शाळेत 5 वर्षं झालेला माणूस बदलीपात्र होतो, हे धरून तुम्ही स्वतःच एका कागदावर आपल्या शाळेतल्या प्रत्येकाच्या पुढं वर्षं लिहू शकता. मी दर मार्चला हा कागद करते. नाव, या शाळेत हजर तारीख, क्षेत्रातली वर्षं, निवृत्तीची तारीख. तेवढ्यानंच चित्र स्वच्छ दिसतं. चारपैकी तिघांची पाच वर्षं एकाच वेळी भरतायत असं दिसलं की समजायचं, यंदा शाळा रिकामी होणार आहे.

यात आता आणखी एक गोष्ट धरावी लागते. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ज्यांची नोकरी 5 वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनासुद्धा 2 वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायला सांगितलंय. पन्नाशीच्या आसपासच्या माझ्या कितीतरी मैत्रिणी रात्री पुस्तकं घेऊन बसतात. मुख्याध्यापक म्हणून त्यांना परीक्षेच्या आधी मोठ्या कार्यक्रमाची जबाबदारी देऊ नका, हे नियोजनातच लिहा, त्यांच्या मनावर आधीच खूप दडपण आहे.

कागद तयार झाला की तो लपवून ठेवू नका. ज्यांची बदली होणार त्यांच्याशी मार्चमध्येच बोला. जाणारा माणूस मनानं आधीच निम्मा गेलेला असतो, हे माणसाचंच आहे, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, पण मार्चमध्ये बोललात तर तो एप्रिलभर तुम्हाला मदत करतो, मे मध्ये बोललात तर तो टेंपो ठरवायच्या मागं असतो.

मुलांचा चार्ज घ्या

सगळ्यात जास्त मला याच्याबद्दल बोलायचंय.

चार्ज देताना आपण काय देतो? जनरल रजिस्टर, डेडस्टॉक, कॅशबुक, पोषण आहाराचा साठा, किल्ल्या. खुर्च्या मोजतो, तांदळाची पोती मोजतो, आणि सह्या करतो. ज्या 22 मुलांना एका माणसानं दोन-तीन वर्षं शिकवलं त्यांच्याबद्दल त्याला काय काय माहीत आहे, ते सगळं त्याच्याबरोबर एसटीत बसून निघून जातं.

माझ्या एका जुन्या शाळेतली गोष्ट सांगते. चौथीत एक मुलगा होता, धनगरवाड्यावरनं रोज चालत यायचा, पाऊण तास तरी लागायचा. त्याला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. आधीच्या गुरुजींनी त्याला कायम खिडकीकडच्या रांगेत बसवलेलं, म्हणजे शिकवणारा उजव्या कानाकडं यायचा, आणि त्याचं सगळं व्यवस्थित चाललेलं. गुरुजींची बदली झाली, नवीन सर आले, त्यांनी पोरं उंचीप्रमाणं बसवली आणि हा गेला भिंतीकडं. पंधरा दिवसांत तो "लक्ष देत नाही" झाला, महिन्यानं "उलट उत्तर देतो" झाला, गणपतीनंतर तो यायचाच बंद झाला. मी तेव्हा त्याच शाळेत शेजारच्या वर्गावर होते. मला कान माहीत होता. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं चार्जमध्ये सांगितलं असेल. त्याच्या आईला भेटायला आम्ही वाड्यावर गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाई, नव्या गुरुजीस्नी त्येचा कान म्हाईत न्हाई व्हय?" तो परत आला, पण तोपर्यंत दसरा झाला होता.

तेव्हापासून मी एक वही करते. साधी 200 पानी. प्रत्येक मुलाला एक पान, आणि पानावर पाच-सहा ओळी, जास्त नाही. वाचतो कुठपर्यंत (अक्षर, शब्द, वाक्य, उतारा), गणितात कुठं अडतो (हातच्याची वजाबाकी, भागाकार, शाब्दिक उदाहरण), तब्येतीचं काही असेल तर ते, घरी मराठी सोडून दुसरी भाषा बोलतात का, घरातलं कोण शाळेत येऊन बोलतं (आई, आजी, चुलता), आणि शेवटी एक ओळ: हा मुलगा कशानं खुलतो. ही शेवटची ओळ कुणी टाळायची नाही. "गोष्ट सांगायला लावा", "फळा पुसायचं काम द्या", "सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका, जवळ जाऊन विचारा". नवीन शिक्षकाला या एका ओळीनं पहिले दोन महिने वाचतात.

घरातल्या नाजूक गोष्टी, भांडणं, दारू, असलं काही या वहीत लिहायचं नाही. ते तोंडी, आणि ज्याला गरज आहे त्यालाच. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात.

वही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लिहायची, संकलित चाचणीचे पेपर हातात असतानाच, म्हणजे आकडे ताजे असतात. आणि नवीन शिक्षक हजर झाल्यावर जुन्या शिक्षकांबरोबर एक तास फोन लावून द्यायचा, स्पीकरवर, वही समोर ठेवून, एकेक पान. जुने शिक्षक कधीच नाही म्हणत नाहीत, मला तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट त्यांना बरं वाटतं की आपली पोरं कुणीतरी विचारतंय.

बाकीच्या चार्जमध्ये दोन गोष्टी हमखास राहतात म्हणून सांगते. पहिली, पोर्टलचे लॉगिन. युडायस प्लस, सरल, पोषण आहार, शालार्थ, कुठल्या पोर्टलला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय ते कार्यमुक्तीच्या आधी बदलून घ्या. नाहीतर ओटीपी जातो शाहूवाडीत आणि तुम्ही बसता गारगोटीत, समोरचा तासावर असतो, फोन उचलत नाही, आणि दहा मिनिटांचं काम दिवस खातं. दुसरी, बँक. समितीचं खातं मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांच्या सहीनं चालतं, सही बदलायला ठराव, फोटो, केवायसी असं करत दोन-तीन आठवडे सहज जातात, तोपर्यंत भाजीवाल्याचं आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं पैसे देणं अडतं. नवीन मुख्याध्यापक हजर झाल्याच्या त्याच आठवड्यात ठराव करा.

वर्ग वाटप: पहिली-दुसरी कुणाला?

बहुतेक शाळांत काय होतं, सगळ्यात नवीन किंवा सगळ्यात न बोलणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात पहिली पडते आणि अनुभवी माणूस पाचवी घेतो, शिष्यवृत्तीची परीक्षा पाचवीला असायची म्हणून. आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्तीचा अभिमान आहे आणि तो असावाच, कागलच्या नवोदयला आपलं पोर लागावं असं प्रत्येक गावाला वाटतं. पण शाळेत माणसं बदलणार असतील त्या वर्षी माझं स्पष्ट मत आहे की शाळेतला राहणारा, मुरलेला माणूस पहिली-दुसरीवर ठेवा. निपुण भारत अभियान 2021 ला सुरू झालं, तिसरीपर्यंत मूल समजून वाचलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे हा त्याचा गाभा, आणि तेवढं झालं तर चौथी-पाचवीला कुणीही आलं तरी मुलं टिकतात. पाया कच्चा राहिला तर चौथीला कितीही चांगला शिक्षक द्या, तो वर्षभर पहिलीचंच शिकवत बसतो. शिवाय 2025-26 पासून पहिलीचा अभ्यासक्रमच बदललाय, नवीन पुस्तकं हातात घेऊन ज्यानं एक वर्ष काढलंय त्याला तिथनं उठवू नका.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर ती पुन्हा चौथी आणि सातवीला न्यायचा निर्णय शासनानं 2025 मध्ये घेतला, म्हणजे तयारी तिसरीपासनं धरावी लागणार. ती एका माणसावर टांगून ठेवू नका. भाषा एकाकडं, गणित दुसऱ्याकडं, बुद्धिमत्ता तिसऱ्याकडं, असं केलं की एकाची बदली झाली तरी दोन तृतीयांश तयारी शाळेतच राहते.

सहावी ते आठवी असेल आणि गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षकच गेले असतील तर ती रिकामी जागा सगळ्यात जास्त दुखते. तिथं शेजारच्या शाळेबरोबर ठरवून आठवड्यातला एक दिवस एकत्र घ्यायचा प्रयत्न करा, अंतर चालत जाण्यासारखं असेल तरच, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडायला लागत असेल तर अजिबात नको.

दोन शिक्षक, चार वर्ग: सकाळचा पहिला तास कसा दिसतो

समजा पट 43, वर्ग पहिली ते चौथी, मंजूर दोन आणि कार्यरत दोन. म्हणजे कागदावर शाळा पूर्ण आहे पण प्रत्यक्षात प्रत्येकाकडं दोन वर्ग. हे कायम असंच असणार आहे हे मान्य करून वेळापत्रक करा, "सध्या चालवून घेऊ" असं म्हणत राहिलात की वर्ष संपतं.

माझा तिसरी-चौथीचा पहिला तास असा असायचा. परिपाठ झाला की पहिली 5 मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र, तोंडी गणित, पाढे नाहीत, बाजारातली उदाहरणं, "पाव किलो मिरची 30 रुपयाला तर किलो कितीला?" दोन्ही वर्ग उत्तर देतात. मग चौथीला फळ्याच्या डाव्या भागावर आधीच लिहून ठेवलेली चार उदाहरणं, ती त्यांनी जोडीनं सोडवायची, आणि मी तिसरीसमोर 20 मिनिटं. नवीन काही शिकवायचं तर याच वीस मिनिटांत. मग तिसरी वहीकडं, मी चौथीकडं. शेवटची 5 मिनिटं वह्या बघणं, सगळ्या नाही, रोज ठरलेल्या आठ. फळा मधोमध खडूनं उभा भागलेला असायचा आणि तो सकाळी मुलं यायच्या आधी भरलेला असायचा, हे गुपित आहे बहुवर्ग अध्यापनाचं, मुलं वाट बघत बसली की गोंधळ सुरू होतो. कोऱ्या फळ्यासमोर दोन वर्ग सांभाळता येत नाहीत.

वेळापत्रकात आणखी एक तास मोकळा ठेवा, शिक्षकांनी बसून बोलायचा, शनिवारी शाळा सुटल्यावर चालेल. कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास तयारीसकट धरलेत, म्हणजे तयारी हेही कामच आहे. ते घरी रात्री मुलं झोपल्यावर करायचं असं गृहीत धरू नका.

कॅलेंडर आपल्या जिल्ह्याचं करा

कायद्यानं पहिली ते पाचवी 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवी 220 दिवस आणि 1000 तास शिकवणं व्हायला पाहिजे. कागदावर हे सहज बसतं. पण गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत जुलै-ऑगस्टचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि खाली शिरोळ, हातकणंगल्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी गाठली की पुढं काय होतं तेही माहीत आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 दोन्ही वेळा आधी पुराची सुट्टी, मग काही शाळांत पूरग्रस्त राहिलेले, मग चिखल काढणं, मग भिजलेली पुस्तकं. म्हणून मी पावसाचे 8 ते 10 दिवस आधीच बाजूला काढते. पाऊस कमी झाला तर ते उजळणीला मिळतात.

जून: शाळा सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे पुस्तक उघडायची घाई नको. नवीन शिक्षक, नवीन वर्ग, एकमेकांना ओळखू दे. प्रत्येक मुलाचं एकेकट्यानं वाचन ऐका, वहीतल्या पानाशी ताडून बघा, उन्हाळ्यात किती विसरलंय ते कळतं.

जुलै: लावणी. मोठी मुलं, विशेषतः मुली, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. त्या दोन आठवड्यांत नवीन धडा नको, गटात वाचन घ्या.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा सगळ्यात चांगला काळ, हजेरी भरपूर असते, निम्मा अभ्यासक्रम इथंच बसला पाहिजे. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते आणि करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ भागात बीडकडनं टोळ्या येतात. त्यांची मुलं फडावर असतात. एखादं मूल डिसेंबरमध्ये दारात आलं तर दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचं नाही, कायद्यानं तसं करताच येत नाही, वयानुसार वर्गात बसवायचं. मार्चमध्ये ती मुलं जातात तेव्हा त्यांना शिक्षण हमी पत्रक द्या, गावाकडच्या शाळेत त्यावर पुढं चालू होतं. 1917 साली शाहू महाराजांनी याच मातीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तर फडावरचं मूल आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेर राहणं मला सहन होत नाही.

आता कार्यक्रम. माणसं कमी असतील त्या वर्षी कार्यक्रम कमी करा, हे मी अगदी आग्रहानं सांगते. प्रत्येक दिवस, प्रत्येक सप्ताह, प्रत्येक स्पर्धा, प्रत्येकाचे फोटो आणि लिंक भरणं, यात दोन शिक्षकी शाळेचा एक माणूस कायम गुंतलेला असतो. जे बंधनकारक आहे ते करा, पण परिपाठातच करा, वेगळा अर्धा दिवस काढू नका. स्नेहसंमेलन मोठं नको, मांडव नको, गावातल्या मंदिरासमोर दोन तासांचं करा. सहल जवळची. आणि एकच गोष्ट वर्षभर धरा, आम्ही वाचन धरलेलं, रोज दुपारच्या जेवणानंतर 20 मिनिटं सगळी शाळा वाचते, शिक्षक आणि मावशीसुद्धा. त्याचे फोटो कुठंच टाकले नाहीत.

रिकाम्या जागेसाठी पाठपुरावा असा करा

नुसतं "शिक्षक द्या" म्हणून शाळेला कुलूप लावायचं काही गावं करतात. त्यांचा राग मला समजतो, पण त्यात पोरांचेच दिवस जातात. आधी कागद करा. समितीच्या बैठकीत ठराव (समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत हे आधी बघून घ्या, नाहीतर ठरावाला वजन राहत नाही), मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, प्रत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना. आवक नंबर घेतल्याशिवाय परत यायचं नाही. पत्र लांबलचक नको, एवढंच पुरे:

"आमच्या शाळेत संचमान्यतेनुसार 4 पदे मंजूर असून 2 कार्यरत व 2 रिक्त आहेत. इयत्ता तिसरी व चौथीच्या 31 विद्यार्थ्यांना या तारखेपासून स्वतंत्र शिक्षक नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 प्रमाणे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पदे रिक्त ठेवता येत नाहीत, आमच्याकडे 50 टक्के रिक्त आहेत. कायम शिक्षक मिळेपर्यंत अतिरिक्त असलेल्या शाळेतून 1 शिक्षक मिळावा ही विनंती."

"अतिरिक्त असलेल्या शाळेतून" हे शब्द मुद्दाम आहेत. कामगिरीवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) शिक्षक काढताना ऑफिस कधी कधी दुसऱ्या अडलेल्या शाळेतला माणूस उचलतं, आणि मग आपलं भागतं पण त्यांची पोरं उघड्यावर पडतात. कलम 25 मध्येसुद्धा एका शाळेच्या शिक्षकाला दुसरीकडं वापरू नये असंच म्हटलंय. पत्र दिल्यावर पंधरा दिवसांनी परत जा, त्याच नंबरचा संदर्भ देऊन दुसरं पत्र. दोन पालक आणि एक आई बरोबर घ्या, आई बोलली की साहेब ऐकून घेतात. कलम 27 पण लक्षात ठेवा, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बाहेरचं काम देता येत नाही, तेव्हा इतर कामाचा आदेश आला तर नम्रपणे लेखी विचारा.

मधल्या काळात गावातली डीएड झालेली एखादी मुलगी मदतीला घेता येते. लोकवर्गणीतनं, मुंबईकरांनी दिलेल्या पैशांतनं, दूध संस्थेच्या मदतीतनं मानधन द्या, पण समितीच्या ठरावात नाव, रक्कम, मुदत सगळं लिहा, पावती घ्या, आणि तिला स्पष्ट सांगा की ही नोकरी नाही, पुढं हक्क लागणार नाही. खोटी आशा दाखवून कुणाच्या पोरीची दोन वर्षं घालवू नका. समग्र शिक्षाचं शाळा अनुदान (30 पर्यंत पट असेल तर 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार) यात वापरायचं नाही, ते दुरुस्ती, साहित्य, स्वच्छतेसाठी असतं.

नवीन माणूस हजर होतो त्या दिवशी

पवित्र पोर्टलवरनं, म्हणजे ऑनलाईन भरतीतनं, आलेले शिक्षणसेवक (कायम व्हायच्या आधी मानधनावर असलेले शिक्षक) बरेचदा लांबच्या जिल्ह्यातले असतात, 3 वर्षं 16 हजारांवर काढायची असतात, त्यात खोलीभाडं, गाडीचं पेट्रोल. ते गावात कुणाला ओळखत नाहीत. आमच्याकडं जालन्याकडचा एक मुलगा आला, पहिल्या आठवड्यात धो धो पाऊस, त्यानं असा पाऊस जन्मात बघितलेला नव्हता, घाबरून गेला होता. समितीच्या अध्यक्षांनी, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्याला घरी नेलं, घोंगडं दिलं, जेवायला घातलं, आणि म्हणाले, "सर, आता हे तुमचंच घर, पाऊस दसऱ्यापर्यंतच हाय." तो मुलगा आज गावात खोली घेऊन राहतो.

खोली बघून देणं, गॅसचं बघणं, एसटीच्या वेळा सांगणं, कुठला ओढा कधी भरतो हे सांगणं, ही समितीची कामं आहेत असं मी धरते आणि जूनच्या बैठकीत कुणी काय करायचं ते नावासकट लिहिते. पहिल्या दिवशी त्याच्या हातात रजिस्टरं देऊ नका. वर्गात न्या, मुलांना नावं सांगू दे, मग स्टाफरूममध्ये बसून चहा, आणि चहाबरोबर ती वही.

बदल्या कधी कधी लांबतात, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आदेश येतात, तेव्हा जाणाऱ्याला निदान एक पूर्ण दिवस येणाऱ्याबरोबर वर्गात बसता येईल असं कार्यमुक्तीच्या तारखेत बसवून बघा, केंद्रप्रमुखांशी आधी बोललं तर जमतं. आमच्याकडं मागच्या वेळी असा एकच दिवस मिळाला. सकाळी जुन्या मॅडमनी शिकवलं आणि नवीन मॅडम मागं बसल्या, दुपारनंतर उलट. साडेचारला दुसरीतल्या एका मुलीनं जुन्या मॅडमची ओढणी धरली आणि दुसऱ्या हातानं नवीन मॅडमचं बोट, आणि घंटा होईपर्यंत दोन्ही सोडलं नाही.